वस्तुसंग्रहालयांतील न दिसणारे हात
(नभोवाणीवरील भाषण)



वस्तुसंग्रहालय पाहून आलेल्या मनुष्यास आपण विचारतों, "काय काय पाहिलेंत?" तो मूर्ति सांगतो, तरवारी सांगतो, एखादें चित्र विशेष मनांत भरलें असल्यास त्याचें वर्णन करितो. मूर्तीखालच्या पाटीवर ती कोठें सांपडली, कोणत्या शतकांतली आहे, संग्रहास कोणीं अर्पण केली हें लिहिलेलें असतें. जिज्ञासु मनुष्य तेंहि वाचून येतो. परंतु ती पुष्कळ मणांची शिळा त्या चौथऱ्यावर कोणीं चढविली, ती इतकीं वर्षें कशाच्या आधारानें उभी आहे, तिच्यावरची धूळ कोण पुसतो व कशानें पुसतो, हें कोणत्याहि पाटीवर लिहिलेलें नसतें. आज मला बोलावयाचें आहे तें या माणसांविषयीं. कचेरीच्या दप्तरांत त्यांना तंत्रज्ञ, संवर्धक, जतन-सहायक अशीं निरनिराळीं नांवें आहेत. मी त्यांस कारागीर म्हणणार आहें. संशोधकाची विद्या ग्रंथांत उतरते, यांची हातांत राहते, एवढाच दोहोंतला भेद मला दिसतो.

हें काम नीट झालें तर कोणाच्या लक्षांत येत नाहीं; बिघडलें तर मात्र पन्नास वर्षें डोळ्यांसमोर राहतें. पन्नास हा आंकडा मीं अलंकारासाठीं घेतलेला नाहीं. मुंबईजवळच्या घारापुरी बेटावर एक प्रचंड पाषाणाचा हत्ती होता. त्याच्यावरूनच पोर्तुगीज लोकांनीं त्या बेटाला एलिफंटा हें नांव दिलें. तो हत्ती आधींच मोडकळीस आलेला होता. १८१४ सालीं त्याची मान व डोकें गळून पडलें होतें. पुढें १८६४ सालीं तो उचलून विलायतेस नेण्याचें ठरलें. उचलण्यासाठीं यारी लाविली, ती मध्येंच मोडली आणि हत्ती खालीं आदळून त्याचे तुकडे तुकडे झाले. ते तुकडे भायखळ्याच्या राणीच्या बागेंत आणून ठेविले, आणि तेथें ते तसेच पडून राहिले. १९१४ सालीं ते पुन्हां जुळवून हत्ती उभा करण्यांत आला. आज त्याच बागेंत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या शेजारीं, तो आपणांस पाहतां येतो. मुलांना घेऊन गेलांत तर सोंड आणि पाय दाखवून झाल्यावर त्याच्या अंगावरचे सांधेहि दाखवा. उचलणें ही केवळ हमालकी आहे, असा जो आपला समज असतो, त्याचें उत्तर त्या सांध्यांत आहे.

आमच्या देवगडचा माझा एक विद्यार्थी गेलीं कित्येक वर्षें मुंबईच्या एका संग्रहालयांत हें काम करितो. त्याचे वडील होड्या बांधणारे सुतार. मुलगा पहिल्या सुटींत घरीं आला तेव्हां त्यांनीं आपल्या मालवणी बोलींत विचारलें, "थंय नेमक्या करतंस तरी काय?" मुलगा म्हणाला, "धूळ पुसतंय." वडील क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "त्याच्यासाठी मुंबैक कित्याक होयो? धूळ हंयसर काय कमी आसा?"

हा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. धूळ कशी पुसावी हें शिकावयास या मुलास वर्ष लागलें. आपण घरांत फडकें मारतों. संग्रहालयांत वस्तूला फडकें लावावयाचें नाहीं. धूळ म्हणजे बारीक वाळूच असते. ती फडक्यांत अडकते आणि कानशीप्रमाणें वस्तूला घांसत जाते. शिवाय मूर्तीचें बोट, लांकडाची ढलपी किंवा रंगाचा उचकटलेला पोपडा फडक्याच्या धाग्यांत अडकून निघून येतो. म्हणून एका हातांत मऊ केसांचा ब्रश घ्यावयाचा आणि दुसऱ्या हातांत धूळ ओढणाऱ्या यंत्राची नळी. ब्रशानें धूळ हळूच नळीकडे लोटावयाची. नळी वस्तूला टेकवावयाची नाहीं. नळीच्या तोंडाला जाळीचें कापड बांधलेलें असतें, तें अशासाठीं कीं, चुकून एखादा कण सुटलाच तर तो यंत्राच्या पोटांत न जातां जाळीवर राहावा. असा कण मिळाला तर तो कागदाच्या पुडींत ठेवून पुडीवर तारीख, वस्तूचा क्रमांक व जागा लिहावयाची. एका मूर्तीची धूळ झाडावयास अर्धा दिवस कां लागतो, हें यावरून ध्यानांत येईल.

वस्तु एका दालनांतून दुसऱ्या दालनांत न्यावयाची झाल्यास प्रथम वस्तूला हात लावीत नाहींत. आधीं मोकळ्या हातांनीं वाट चालून पाहतात. दाराची रुंदी मोजतात, पायऱ्या मोजतात, जेथें ठेवावयाची तें मेज रिकामें करून त्यावर मऊ घडी अंथरतात. मग हातांतली अंगठी, मनगटावरचें घड्याळ, सदऱ्याच्या खिशांतली लेखणी काढून ठेवतात. भांडें असेल तर कानाला किंवा गळ्याला धरून कधींच उचलावयाचें नाहीं. तो कान पूर्वीं कोणीं तरी चिकटविलेला असण्याचा संभव असतो. दोन्ही हात तळाखालीं. दोघे असतील तर हुकूम एकानेंच द्यावयाचा. आणि घाई असेल त्या दिवशीं वस्तु हलवावयाचीच नाहीं. हा शेवटचा नियम पाळणें सर्वांत कठीण, कारण उद्घाटनाची तारीख पाहुण्यांच्या सोयीनें ठरते.

हातमोज्यांविषयीं तुमच्या मनांत एक चित्र असेल: पांढरे मोजे घातलेला पंडित जुनी पोथी उलगडीत आहे. धातूच्या वस्तूंना मोजे हवेतच. बोटांच्या घामांत क्षार असतात, आणि आज लाविलेलें बोट कांहीं महिन्यांनीं चकचकीत पोलादावर गंजाच्या रेषांनीं उमटतें. परंतु पोथीला मोजे घालूं नयेत असेंच आतां बहुतेक जाणते सांगतात. सुती मोज्यांत बोटांची जाण मरते आणि पान फाटतें. हात साबणानें धुऊन, अगदीं कोरडे करून, उघड्या बोटांनींच पान उलटावें. आमच्या आजोबांच्या पिढींतले पुराणिक हेंच करीत असत. त्यांना कारण विचारलें असतें तर त्यांनीं शुचिर्भूतपणाचें सांगितलें असतें.

या विद्यार्थ्याचा हात विशेष चालतो तो आधार तयार करण्यांत. फुटकें मडकें, वांकलेली कट्यार, हात तुटलेली हस्तिदंती बाहुली, या वस्तु आपल्या बळावर उभ्या राहूं शकत नाहींत. त्यांच्यासाठीं पितळी तार किंवा पट्टी वांकवून, वस्तूला स्पर्श होईल तेथें मऊ अस्तर लावून, वस्तूच्याच रंगांत रंगवून आधार करावा लागतो. तो असा बसला पाहिजे कीं, पाहणाऱ्याला वस्तु दिसावी आणि आधार दिसूं नये. आणि वस्तूनें आपलें वजन त्याच्यावर टाकावें, त्यानें वस्तूला आवळूं नये. होडीच्या पोटाला आंतून वळणदार लांकूड बसवितांना त्याचे वडील जसें वळण डोळ्यानें मोजीत, तसेंच हा मोजतो. वडिलांनीं एकदां मुंबईस जाऊन मुलाचें काम पाहिलें. परत आल्यावर ते मला म्हणाले, "गुरुजी, सांधो खंय आसा तां माकासुद्धां गावलां नाय." याहून मोठें प्रशस्तिपत्र त्या मुलाला मिळालें असेल असें मला वाटत नाहीं.

परगांवीं वस्तु पाठवितांना तर लेखणीचें कामहि तितकेंच असतें. २०१७ च्या नोव्हेंबरांत मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमच्या सहकार्यानें भारत आणि जग यांचा इतिहास नऊ भागांत मांडणारें मोठें प्रदर्शन भरलें होतें. अशा प्रसंगीं प्रत्येक वस्तूचा स्थितिलेख तयार करतात. वस्तूचें छायाचित्र घेऊन त्यावर प्रत्येक तडा, प्रत्येक डाग, प्रत्येक टवका खुणेनें दाखवितात. पेटी उघडतांना तो ताडून पाहतात आणि परत बंद करतांना पुन्हां ताडून पाहतात. वैद्यानें रोग्याची नाडी लिहून ठेवावी, तसा हा प्रकार आहे.

आतां वस्तूंच्या शत्रूंकडे वळूं. चोर आणि आग हे शत्रु सर्वांना ठाऊक आहेत. परंतु प्रकाश हाहि शत्रु आहे, हें सांगितलें तर पुष्कळांना नवल वाटतें. जुनें वस्त्र, जलरंगांतलें चित्र, हस्तलिखित यांवर ५० लक्सपेक्षां अधिक प्रकाश पडूं देऊं नये, असा सामान्य दंडक आहे. एक फुटावर ठेवलेल्या एका मेणबत्तीचा प्रकाश सुमारें १० लक्स भरतो. म्हणजे पांच मेणबत्त्यांएवढाच हा उजेड झाला. तैलचित्राला २०० पर्यंत चालतो. आणि प्रकाशाचें देणें फिटत नाहीं. उडालेला रंग अंधारांत ठेवल्यानें परत येत नाहीं. म्हणूनच संग्रहालयांत शालू-पैठण्यांचें दालन अंधारें असतें आणि कांहीं महिन्यांनीं तेथल्या वस्तु बदललेल्या दिसतात. "इतकें तिकीट घेतां, मग दिवे कां लावीत नाहीं?" असें तेथल्या पहारेकऱ्याला खडसावणारे सुशिक्षित गृहस्थ मीं स्वतः पाहिले आहेत.

दुसरा शत्रु दमटपणा, आणि आम्हां कोंकणच्या लोकांचा तर तो घरजांवईच. हवेंतील आर्द्रता शेंकडा ६५ ते ७० च्या वर दीर्घकाळ राहिली कीं बुरशी वाढूं लागते. आमच्याकडे आषाढ-श्रावणांत ती ८० च्या वर सहज असते. पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर पांढरी लव येते, चामड्याच्या चपलेवर हिरवी. यावर उपाय म्हणून दिवसा शीतयंत्र चालवावें आणि रात्रीं तें बंद करावें, हा अनेक कचेऱ्यांतला प्रकार वस्तूंना अधिक बाधतो. लांकूड ओलाव्यानें फुगतें, कोरडेपणानें आखडतें; रोज फुगणें-आखडणें झालें म्हणजे त्यावरचा रंग सुटतो. ओलावा थोडा अधिक असला तरी चालेल, पण तो एकसारखा असावा, ही गोष्ट कारागीर जाणतो. वीज वांचवूं पाहणाऱ्या वरिष्ठाला ती समजावून देणें हाहि त्याच्या कामाचा एक अलिखित भाग आहे.

इतकें सांगून मी मुख्य गोष्टीकडे येतों. या विद्येचें खरें मर्म काय करावें यापेक्षां काय करूं नये यांत आहे. अजिंठ्याची हकीकत या बाबतींत फार बोलकी आहे. तेथील भित्तिचित्रांच्या नकला रॉबर्ट गिल यांनीं १८४४ पासून जवळजवळ वीस वर्षें खपून केल्या. त्या लंडनला गेल्या आणि १८६६ सालीं क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगींत त्यांतील बहुतेक जळाल्या. पुढें मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ या काळांत पुन्हां नकला केल्या. त्यांतल्याहि पुष्कळ १८८५ सालीं लंडनमध्यें आगीच्याच भक्ष्यस्थानीं पडल्या. मूळ चित्रें गुहेंत राहिलीं. परंतु नकला काढतांना रंग स्पष्ट दिसावे म्हणून भिंतीवर व्हार्निश फांसण्यांत आलें होतें. नंतर १९२० ते १९२२ च्या सुमारास निजाम सरकारनें लोरेंझो चेक्कोनी व काउंट ओर्सिनी या दोघां इटालियन तज्ज्ञांस पाचारण केलें. त्यांनीं सुटूं लागलेला गिलावा भिंतीला पुन्हां घट्ट बसविला, हे त्यांचे उपकारच आहेत. पण रंगांच्या रक्षणासाठीं त्यांनीं लाखेचें पातळ आवरण दिलें. वर्षें लोटलीं तशी ती लाख पिवळी पडली, मग तपकिरी झाली, तिच्यावर धूळ आणि काजळी बसली, आणि खालचे निळे-हिरवे रंग मावळले. पुढें पुराणवस्तु खात्याच्या रसायनशास्त्रज्ञांना तो थर थोडा थोडा उतरविण्यांत अनेक वर्षें खर्चावीं लागलीं.

चेक्कोनींना दोष देण्यासाठीं मी हें सांगत नाहीं. त्या काळच्या उत्तम ज्ञानानुसारच त्यांनीं काम केलें. आजचें उत्तम ज्ञानहि पन्नास वर्षांनीं कच्चें ठरेल, हें गृहीत धरूनच आतांचा कारागीर वागतो. जें लावावयाचें तें मागाहून येणाऱ्याला काढतां आलें पाहिजे, आणि काय लाविलें तें लिहून ठेविलें पाहिजे, हा आतां या व्यवसायाचा धर्मच झाला आहे. फाटलेला कागद सांधावयाचा तर गव्हाच्या सत्त्वाची खळ आणि जपानी पातळ कागद वापरतात; पाण्यानें ती खळ पुन्हां सुटते. मडकें जोडावयाचें तर अशी राळ वापरतात, जी योग्य द्रवानें पुन्हां विरघळेल. सिमेंट किंवा बाजारांतला झटपट चिकटणारा गोंद तेथें वर्ज्य आहे.

आपल्या घरांत आणि गांवांत आपण नेमकें उलट करतों. वारशाचा कागद, आजोबांचें प्रमाणपत्र, जुनी जन्मपत्रिका आपण मोठ्या मायेनें उष्ण यंत्रांतून काढून प्लॅस्टिकमध्यें कायमची बंद करतों. तो कागद मग कोणालाहि बाहेर काढतां येत नाहीं, आणि आंतल्या आंत तो आपल्याच आम्लानें जळत राहतो. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावतों. कांहीं वर्षांत पट्टी गळून पडते आणि तिचा पिंवळा डाग मात्र अक्षरांवर राहतो. देव्हाऱ्यांतलें ताम्हन चिंचेनें घांसावें, तें वापरांतलें भांडें आहे व घांसलें जाणें हेंच त्याचें आयुष्य आहे. परंतु माळ्यावर सांपडलेली नक्षीची समई किंवा अक्षरें कोरलेलें पात्र चिंचेनें लखलखीत करणें म्हणजे तें थोडें थोडें विरघळविणें होय. अशा पात्रावर सर्वत्र सारखा, घट्ट, काळसर-हिरवा थर असेल तर तो राहूं द्यावा. फिक्या हिरव्या रंगाची भुकटी ठिपक्या-ठिपक्यांनीं उमटत असेल तर मात्र तो खारेपणाचा रोग आहे. भांडें कोरड्या जागीं, इतरांपासून वेगळें ठेवावें आणि जाणत्याला दाखवावें.

गांवांतल्या गोष्टी याहून मोठ्या आहेत. जीर्णोद्धाराच्या उत्साहांत कोरीव लांकडी खांबांवर तैलरंग चढतो, किंवा ते खांबच निघून त्यांच्या जागीं चकचकीत फरशी येते. २०२५ सालीं युनेस्कोनें मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादींत घेतले. त्यांत आमच्या तालुक्यांतला विजयदुर्ग आहे आणि मालवणचा सिंधुदुर्गहि आहे. आनंद झालाच, पण मला त्याबरोबर काळजीहि वाटते. आतां उत्साही मंडळी तोफा आणि गोळे घांसावयास निघतील. समुद्रांतून किंवा किनाऱ्याच्या वाळूंतून निघालेलें लोखंड वरून धड दिसलें तरी त्याच्या पोटांत मीठ मुरलेलें असतें. तें उन्हांत वाळविलें कीं मिठाचे स्फटिक आणि नवा गंज आंतून फुगतात आणि पापुद्रे सुटूं लागतात. संग्रहालयाचा कारागीर असें लोखंड ओलेंच ठेवितो. क्षारयुक्त पाण्यांत बुडवून, तें पाणी पुनःपुन्हां बदलून, महिनोन् महिने मीठ काढीत बसतो. मोठ्या तोफेला वर्षेंहि लागतात. आपले तरुण एका रविवारीं तारेच्या ब्रशानें घांसून काळा रंग देतात, छायाचित्र काढतात आणि घरीं जातात. त्यांची भक्ति खोटी नाहीं. त्यांना थांबवून समजावून सांगणारा माणूस त्या ठिकाणीं नसतो, एवढीच उणीव आहे. आणि असा एक शिकलेला माणूस प्रत्येक तालुक्यांत नेमावा, ही मागणी मला एखाद्या नव्या पुतळ्याच्या मागणीपेक्षां अधिक निकडीची वाटते.

कांहीं वस्तु तर संग्रहालयांत आणतांच येत नाहींत. मालवण तालुक्यांतल्या कुडोपीच्या सड्यावर जांभ्या दगडांत कोरलेलीं प्राचीन चित्रें आहेत. २०२२ सालीं कोंकणांतल्या अशा नऊ स्थळांचा समावेश युनेस्कोच्या संभाव्य यादींत झाला, त्यांत कुडोपी आहे. तेथें छत आकाशाचें, पाऊस आमचा आणि पाटी नाहीं. तेथें कारागिरालाच घर सोडून सड्यावर जावें लागतें, आणि गुरें राखणाऱ्या मुलांना बरोबर घ्यावें लागतें.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचा उल्लेख केल्यावांचून मला पुढें जातां येत नाहीं. दिनकर गंगाधर केळकर यांनीं आपल्या दिवंगत मुलाच्या, राजाच्या, स्मरणार्थ सुमारें २०,००० वस्तु जमविल्या. अडकित्ते, दिवे, फण्या, दौती, दारांच्या चौकटी; ज्या वस्तु घरोघर मोडींत जात होत्या त्या त्यांनीं दारोदार फिरून आणल्या. १९६२ सालीं तो संग्रह त्यांनीं महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. केळकर कविताहि लिहीत, 'अज्ञातवासी' या नांवानें. त्या संग्रहांतल्या सुमारें अडीच हजारच वस्तु एका वेळीं मांडलेल्या असतात. उरलेल्या कोठारांत असतात. म्हणजे मांडलेल्या एका वस्तूमागें न दिसणाऱ्या सात वस्तूंना वाळवी, कसर आणि दमट हवा यांपासून कोणी तरी रोज राखीत असतो.

आतां थोडें घरगुती. जुन्या पोथ्या सुती कापडांत बांधून, भिंतीला न टेकतां, जमिनीपासून हातभर उंच ठेवाव्या. वेखंडाची पुरचुंडी जवळ ठेवण्याची आपली चाल चांगली आहे; पण ती पानांत घालूं नये, डाग पडतो. पोथी पावसाळ्यांत बांधून विसरूं नये. उघडीप पडेल त्या दिवशीं सावलींत वारा द्यावा, कडक उन्हांत नको. छायाचित्रें भिंतीवर लावावयाचीं तर मूळ प्रत पेटींत ठेवून तिची नक्कल लावावी. आणि छायाचित्राच्या पाठीमागें, कडेला, मऊ शिसपेन्सिलीनें, न दाबतां, त्यांतल्या माणसांचीं नांवें लिहावीं. शाईनें लिहूं नये. ती पुढच्या बाजूस उमटते. नांवें सांगणारी आजी किंवा मावशी घरांत असेल तर हें काम येत्या रविवारींच उरकून घ्यावें. डावीकडून उजवीकडे, आधीं मागची रांग, मग पुढची. आणि जो ओळखूं येत नाहीं त्याची जागा तशीच कोरी सोडावी.